तीन नंबर पथकाचं नवं निशाण

१

मंगळवार समुद्राच्या विसाव्याचा, म्हणून न्सुआनो गावात त्या दिवशी कोणी जाळं टाकत नाही. होड्या वाळूवर आणि माणसं घरात, त्यामुळे वाईट बातमी पसरायला मंगळवारासारखा सोयीचा वार नाही. आराबा डाडझी अंगणात कोंबड्यांना मका टाकत होती, तेवढ्यात गावच्या जुन्या लढाऊ पथकांपैकी तीन नंबरचा सुपी, म्हणजे म्होरक्या, अक्वांडो स्वतः चालत तिच्या दारात आला. एरवी लोक त्याच्या दारी जायचे. आराबानं टोपली खाली ठेवली.

"निशाण गेलं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"कुठलं काय विचारतेस! नवं. एबोचं. पेटी बांधलेली होती तशीच आहे, आणि आत जुनी निशाणं तेवढी उरलीत."

आराबा केप कोस्टहून पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाली होती, आणि बापाकडून ती तीन नंबरचीच होती. प्रकरण किती नाजूक आहे ते तिला कोणी समजावून सांगायला नको होतं. पथकाचा कप्तान व्हायचं तर नवं निशाण शिवून घ्यायचं, ते गावातल्या साऱ्या पथकांपुढे नाचवायचं, मगच शपथ. एबो एशुनची शपथ शनिवारी होती. निशाण नाही तर कप्तान नाही. पण ते सहा नंबरवाल्यांच्या हाती लागलं असलं तर? तिच्या आजोबांच्या काळात एका निशाणावरून या दोन पथकांत कोयते निघाले होते. त्या दिवसाची थडगी अजून किनाऱ्यावर होती.

"निशाण शिवणाऱ्या अबाला मी सांगून टाकलंय," सुपी म्हणाला. "शनिवारी सकाळपर्यंत निशाण मिळालं नाही, तर आक्राच्या त्या गॅलरीवाल्याला तिनंच ते विकलं असं धरणार. आणि यापुढे तीन नंबरच्या कापडाला बाईमाणसाचा हात लागणार नाही."

"मग मला कशाला बोलावताय? मीही बाईमाणूसच."

"तू पोलीस आहेस," सुपी वैतागून म्हणाला. "चल."

पथकाचं घर म्हणजे चौकातली सिमेंटची रंगीत आगबोट. पुढे दोन सिंह, वर तोफा, मागे कोठी. कोठीची किल्ली सुपीच्या अंगणात खिळ्याला लटकलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर. पथकाच्या घरात चोरी होईल असं आजवर कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आत कापडात गुंडाळलेला मोठा ढोल, भिंतीला टेकवलेल्या काठ्या आणि ती पेटी. आराबा पेटीशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"सुपी, काल इथं पितरांना दारू वाहिली होती?"

"काल निशाणाला आशीर्वाद दिला, तेव्हा वाहिली. पण बाहेर, पायऱ्यांवर. कोठीत कधीच वाहत नाही."

आराबानं मातीला बोट लावून नाकाशी नेलं. पितरांना वाहायची श्नॅप्सच होती, आणि पेटीच्या बरोबर समोर ओतलेली. चोरानं चोरी करण्याआधी पितरांची माफी मागितली होती.

२

अबा कूमसनच्या शिलाईच्या खोलीला दार होतं, पण ती पडद्यावरच भागवायची. निशाणाआधी करून पाहिलेला नमुना तिनं पडदा म्हणून लावला होता: पातळ कापडावर कापून शिवलेले दोन पुरुष, मागे एक होडी. तीन नंबरचा कप्तान सहा नंबरच्या कप्तानाला उजव्या हातानं मासा देत होता. आराबा बाहेर उभी राहून ते बघत राहिली. तीन नंबरवाल्यांनी आजवर सहा नंबरवाल्यांना चिमटे आणि टोमणे सोडून निशाणावरून काही दिलं नव्हतं. पोरीनं धाडस केलं होतं खरं.

"या, आँटी," अबा आतून म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "तुम्हीसुद्धा विचारा, किती घेतले म्हणून."

"मी ते विचारायला आलेली नाही. तो आक्राचा गॅलरीवाला, लार्या, मागत होता ना निशाण?"

"हवी ती किंमत देतो म्हणाला. मी हसले." अबानं मशीनवरचा दोरा उगाच सोडला आणि पुन्हा गुंडाळला. "आँटी, कुमासीला मी कला शिकले. आक्रात माझी निशाणं भिंतीवर टांगतात, लोक हात मागे बांधून त्यांच्यासमोर उभे राहतात. चांगलं वाटतं, नाही असं नाही. पण वारा प्यायलेलं माझं एकही निशाण नाही. हे पहिलंच होतं. तीन नंबरनं बाईच्या हातून शिवून घेतलेलंही पहिलंच. ते मी विकेन?"

"शिवून झाल्यावर उघडून कोणी पाहिलं?"

"कागदावरचं चित्र सगळ्यांनी पाहिलं. सहा नंबरच्या सुपीनंसुद्धा मान डोलावली होती, त्यांच्या होकाराशिवाय कापड फाडायचंच नसतं. शिवलेलं निशाण मात्र घडी घालूनच नेतात. मी सगळ्यांपुढे शपथ घेतली की यात खोट नाही. मग आशीर्वाद. एकदा तो झाला की त्याला कात्री लागत नाही, माझीसुद्धा. नंतर कप्तान होणारा एकटा कोठीत निशाणासोबत बसतो आणि पेटी बांधून बाहेर येतो. एबो बसला होता."

"आणि खोट निघाली तर?"

"तर शिवणाऱ्याची सुई कायमची बंद." अबा कडवट हसली. "माझी तशीही होतेच आहे. पण एबोवर संशय घेऊ नका हं. त्यानंच भांडून हे काम मला मिळवून दिलं."

"बरोबर आहे. स्वतःच्याच पायावर धोंडा कोण मारून घेईल?" आराबा उठली. "तो लार्या कुठं उतरलाय?"

"उतरला होता," अबा म्हणाली. "आज पहाटेच सामान घेऊन गेला म्हणे."

३

लार्या फार लांब गेला नव्हता. सॉल्टपाँडला त्याच्या गाडीनं मान टाकली होती आणि तो गॅरेजच्या बाकावर बसून तळलेल्या माशाबरोबर मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं केन्के खात होता. आराबानं कोण ते सांगताच त्यानं बोटं पुसली आणि काही न बोलता बॅगा उघडून दाखवल्या. शर्ट, चपला, कॅमेरा.

"निशाणाला किंमत लावली म्हणून गावातली पोरं काल माझ्या खिडकीखाली उभी राहून मला शिव्या देत होती, म्हणून निघालो," तो म्हणाला. "मला ते निशाण हवं होतं, हे खरं. अजून हवंय. पण हवंय म्हणून उचलतात का कोणी?"

"उचलतात. माझी सगळी नोकरी त्यावरच झाली. पितरांना दारू वाहता?"

"मी? आमच्या घरात बाटली आली तर आई मला बाटलीसकट बाहेर काढेल. आणि मी आक्राकडचा, गा जमातीचा माणूस, तुमच्या पितरांना तुमच्या फान्टे भाषेत काय विनवायचं ते मला कुठून येणार?"

तो खरं बोलत असावा असं आराबाला वाटलं, आणि तिला त्याचं जरा वाईटही वाटलं.

राहिला म्हातारा एग्या ओटू. अबाच्या आधी पथकाची निशाणं तोच शिवायचा. मोतीबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे दुधाळ झाले होते, आणि काम एका बाईकडे गेल्यापासून तो चौकात बसून सगळ्या जगाला नावं ठेवायचा. आराबानं सुपीला सांगून जुनी निशाणं बाहेर काढायला लावली. निशाण ढोलाशिवाय उंबऱ्याबाहेर येत नाही, म्हणून लहान ढोल वाजवून निशाण नाचवणाऱ्यानं ती दोरीवर वारा द्यायला टांगली, आणि आराबा ओटूशेजारी बसली.

"राग आहे का हो अबावर, एग्या?"

"आहेच. लपवतो कुठं? सगळ्या गल्लीला ऐकवलाय."

"इतका, की तिचं निशाण पळवाल?"

"पोरी, मला माझी चप्पल सापडत नाही सकाळी," म्हातारा खेकसला. "चोरी करायला डोळे लागतात."

आराबाला हसू आवरेना. वाऱ्यानं निशाणं उलटत होती, आत्ता ही बाजू, आत्ता ती. दोन्ही हातांनी किल्ली धरलेला माणूस. दोन्ही हातांनी दोर ओढणारा कोळी. एका निशाणावर पुढून दिसणारा शिपाई मागच्या बाजूला पाठमोरा शिवलेला. आराबाचं हसू हळूहळू विरलं. या सगळ्यांत काहीतरी सारखं होतं, आणि ते काय, हे काही केल्या तिच्या ध्यानात येईना.

४

एबो एशुन शाळेत गणित शिकवायचा. आराबा गेली तेव्हा त्यानं तिला बसवलं आणि रीतीप्रमाणे बोलणं सुरू करण्याआधी पाणी आणलं. उजव्या हातानं त्यानं पेला पुढे केला, पण तिनं धरायच्या आतच तो निसटला. एबोचा डावा हात विजेसारखा खाली गेला आणि पेला हवेतच पकडून वर आला. तिच्या अंगावर चार थेंबसुद्धा पडले नाहीत.

"डाव्याबद्दल माफी, आँटी," तो ओशाळून म्हणाला आणि पेला घाईघाईनं उजव्यात घेऊन पुन्हा पुढे केला.

"डावखुरा आहेस? गावात कोणाला माहीत नाही."

"आजीनं लहानपणी हा हात कमरेला बांधून ठेवला होता. कोणाला डाव्यानं काही दिलं की चापट. आता सगळं उजव्यानं करतो. घाईत मात्र तो माझं ऐकत नाही."

आराबा पाणी प्यायली. "सोमवारी कोठीत निशाण उघडून पाहिलंस?"

एबो उठून खिडकीशी गेला. खाली मुलं फुटबॉल खेळत होती, त्यांचा गलका ऐकत राहिला.

"पाहिलं. सुंदर होतं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "आँटी, अबाला काही होऊ देऊ नका. तिनं ते विकलेलं नाही."

"हे तुला कसं ठाऊक?"

एबोनं मान खाली घातली. आराबानं आयुष्यात पुष्कळ चोर पाहिले होते. पण ज्याचं गेलं त्याचाच चेहरा चोरासारखा झालेला ती पहिल्यांदा बघत होती.

५

गुरुवारी दुपारी ती पुन्हा अबाकडे गेली. उंबऱ्यावर कोणीतरी माशांची घाण टाकली होती. अबानं ती धुतली होती, तरी वास होता. आत अबा रंगीत कापडांच्या चिंध्या पोत्यात भरत होती.

"आक्राला जाते, आँटी. तिथं भिंतीवरची शिवेन. इथं आईलासुद्धा नळावर टोमणे ऐकावे लागतात."

एरवी ती दाराकडे पाठ करून बसायची, पण आज कोपऱ्यात पोतं होतं, म्हणून स्टूल ओढून दाराकडे तोंड करून बसली. बाहेर रणरणतं ऊन होतं. पडद्याचं पातळ कापड उजेडात पेटल्यासारखं झालं होतं, आणि त्यात दोन पुरुष काळे, ठळक उभे होते. होडी, मासा आणि तो देणारा हात.

आराबा स्टुलावर पुढे सरकली.

"अबा," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "निशाणाच्या मागच्या बाजूची माणसं कशी कापतेस?"

"कापड दुमडून, दोन्ही एकदम. सगळेच तसं करतात. एक पुढं शिवायचा, एक पाठीला. म्हणजे दोन्हीकडून चित्र तेच..." बोलता बोलता अबानं तिच्या नजरेच्या दिशेनं मान वळवली. तिच्या हातातल्या चिंध्या खाली पडल्या.

आतून पाहिलं की तीन नंबरचा कप्तान सहा नंबरच्या कप्तानाला डाव्या हातानं मासा देत होता.

६

"हे निशाण नाचवलं असतं," आराबा सांगत होती, "तर नाचताना ते शंभरदा उलटलं असतं. आणि शंभरदा आपण सगळ्या गावादेखत सहा नंबरवाल्यांच्या तोंडावर डावा हात नाचवला असता."

कोठीत चौघंच होती: सुपी, अबा, एबो आणि ती. सुपीनं कपाळाला हात लावला.

"जुन्या निशाणांवर कोणी कोणाला एका हातानं काही देत नाही," आराबा म्हणाली. "सगळे दोन्ही हातांनी धरतात, नाहीतर पाठमोरे उभे राहतात. माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण अर्थ लागत नव्हता. आता चोर. पितरांची माफी मागून चोरणारा आपलाच असणार. आणि आपला माणूस निशाण ढोलाशिवाय या घराच्या उंबऱ्याबाहेर नेणार नाही, त्याचे पायच उचलणार नाहीत. म्हणजे निशाण आतच आहे. सगळ्यांनी पेटी शोधली, काठ्या हलवल्या. तुमच्या परवानगीवाचून कोणी हात लावत नाही अशी एकच वस्तू इथं आहे, सुपी."

सुपी ढोलाकडे गेला. काही पुटपुटला आणि गुंडाळलेलं कापड सोडू लागला. दुसऱ्या वेढ्यात हिरवी किनार दिसली.

"सोमवारीच लपवलंस ना?" आराबानं विचारलं. "संशय पहिल्यापासून तुझ्यावरच यायला हवा होता, एबो. पण तुला कारण नव्हतं. कारण त्या पेल्यानं सांगितलं. ज्याचा हात लहानपणी बांधला गेला, त्याची नजर आधी हातावरच जाणार."

"मी उघडलं आणि मला दिसलं," एबो म्हणाला. "आशीर्वाद होऊन गेला होता. बोललो असतो तर अबाची सुई गेली असती. वाटलं, हरवलं असं झालं तर शपथ लांबेल, नवं निशाण होईल, कोणाला कळणार नाही. कप्तानपद गेलं तर जाऊ दे. हिलाच चोर ठरवतील हे डोक्यात आलंच नाही. आणि ठरवल्यावर... मी भ्यालो. निशाण काढून दिलं तर ते उघडणार, नाही दिलं तर ही चोर. दोन्हीकडून हीच मरत होती."

"गणित शिकवतोस म्हणे," सुपी गरजला. "एक मेंढा दंड! दोन!"

"चूक माझी आहे," अबा म्हणाली. ती इतका वेळ निशाणाच्या त्या हाताकडे बघत होती. "भिंतीवर टांगलेल्या निशाणाला पाठ नसते, सुपी. मी सगळी भिंतीसाठीच शिवली. पाठ शिवत होते, पण बघत नव्हते." तिनं डोळे पुसले. "याला कात्री लागत नाही. सुई चालते?"

सुपीनं विचार केला. "सुईबद्दल कोणी कधी काही म्हटलेलं नाही."

"मग त्याला दुसरा हात लावते. दोन्ही हातांनी देऊ दे. मग कुठूनही बघा."

सुपीच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरला. "शाब्बास. आजच गुपचूप लाव. बाहेर कोणाला कळायची गरज नाही."

"गुपचूप नाही. त्यांनी एका हाताच्या चित्राला होकार दिलाय. न विचारता दुसरं दाखवलं, तर ती फसवणूक. मी हे असंच, डाव्या हातासकट त्यांच्याकडे घेऊन जाते."

"वेडी आहेस का?" सुपी ओरडला. "ते कोयते काढतील!"

७

शुक्रवारी सकाळी तीन नंबरचा ढोल हळू आवाजात वाजत सहा नंबरच्या वाड्यात गेला. पुढे निशाण घेतलेला नाचणारा, मागे अबा, तिच्यामागे सुपी, एबो आणि आराबा. दोन्ही पथकांची माणसं भिंतीला टेकून उभी होती. कोणी कोणाला अभिवादन केलं नाही.

सहा नंबरचा सुपी आबाका आंब्याखाली बसला होता. वयानं वाकलेला, पण डोळे लख्ख. अबानं त्याच्यापुढे निशाण उलगडलं, आधी पुढची बाजू, मग मागची. आणि काय झालं ते स्वतः सांगितलं, कोणाचं नाव न घेता. मी चुकले, एवढंच.

डावा हात दिसला तशी भिंतीशी हालचाल झाली. दोन तरुण पुढे आले. आबाकानं मान न वळवता बोट वर केलं, तसे ते थांबले.

"न दाखवताही शिवता आलं असतं," तो म्हणाला.

"आलं असतं, नाना."

"मग का आलीस?"

"कारण मासा तुम्हाला द्यायचा आहे," अबा म्हणाली. "तुमच्यापासून लपवून कसा देऊ?"

आबाका निशाणावर वाकला. देणाऱ्या कप्तानाकडे त्यानं फारसं पाहिलं नाही. घेणाऱ्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं.

"तुमच्याला दुसरा हात लावणार म्हणतेस. आणि माझा काय थोटा आहे? त्यालाही लाव. नाहीतर लोक म्हणतील, सहा नंबरवाल्यांना घ्यायची रीत नाही." भिंतीशी कोणीतरी हसलं. "आणि हा पांढऱ्यात का? आमचा रंग कुठं गेला?"

"पिवळा तुमचा आहे, नाना. तुमच्या पथकाबाहेर कोणी तो शिवायचा नसतो. आमच्या आजोबांची भांडणं त्यावरूनच झाली."

"ठाऊक आहे. माझा थोरला भाऊ त्या भांडणातच गेला."

तीन नंबरचा सुपी अक्वांडो खाकरला. "आबाका, आमच्या शिलाईवालीला वेळ कमी आहे. उद्या शनिवार. काय ते सांगून टाक."

आमची शिलाईवाली, असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. अबानं चमकून त्याच्याकडे पाहिलं, पण तो ढोलाकडे बघत होता.

आबाका काठीच्या आधारानं उठला. खांद्यावरून घेतलेल्या आपल्या पिवळ्या वस्त्राचं टोक त्यानं दातात धरलं आणि हिसडा दिला. कापड फाटल्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. पुढचा आणि मागचा असे दोन हात होतील एवढी पट्टी निघाली. म्हाताऱ्यानं ती नीट झटकली, काठी शेजारच्याकडे दिली आणि पट्टी दोन्ही हातांनी पुढे केली.

अबा गुडघ्यांवर बसली आणि तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.